नववीतल्या पोराने विचारलं, "बाबांकडे परवाना आहे का?"

अबोली_लातूर (२७ जून, रात्री १०:५२)

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, तोही जरा अडचणीचा आहे.

काल २६ जून. आमच्या मुलाच्या शाळेत या दिवशी दोन कार्यक्रम उरकतात. सकाळी शाहू महाराजांची जयंती, दुपारी अंमली पदार्थ विरोधी दिन. हार तोच, सतरंजी तीच. यंदा दुपारी कुणीतरी पाहुणे आले होते. त्यांनी पडद्यावर सडलेले जबडे, सलाइन लावलेली माणसं, असं सगळं दाखवलं, मग सगळ्यांकडून शपथ म्हणून घेतली. बोलता बोलता त्यांनी सांगितलं की महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, आणि दारूसाठी पंचवीस वर्षं वय पूर्ण लागतं.

रात्री जेवताना पोराने एकदम विचारलं, "बाबा, तुमच्याकडे परवाना आहे का?"

आमच्याकडे शनिवारी गच्चीवर यांचे तीन-चार मित्र बसतात. भांडण नाही, आरडाओरडा नाही. बर्फ, शेंगदाणे, कापलेला कांदा वर नेऊन द्यायचं काम गेली दोन वर्षं पोराकडे आहे. सकाळी ग्लास पण तोच खाली आणतो. मला यात कधी काही वाटलं नव्हतं, हे आधी कबूल करते. हे आधी हसले. पोराने परत विचारलं तेव्हा "लई शहाणा झालास का" म्हणून ताट सारून उठले.

दुसरी गोष्ट. पंधरा दिवसांपूर्वी त्याच्या क्लासच्या बॅगेत वेलचीच्या वासाची एक रिकामी पुडी सापडली. "मित्राची आहे" म्हणाला. मित्रांच्या वस्तू नेहमी आपल्याच पोरांच्या बॅगेत कशा सापडतात, देव जाणे.

चौदा वर्षांच्या पोराशी या विषयावर नेमकं काय बोलायचं? आणि घरात शनिवार असताना कोणत्या तोंडाने बोलायचं?

सोयाबीन_अडीच_क्विंटल (रात्री ११:०४)

ताई, पोराला वकील करा. फी आत्ताच ठरवून घ्या.

आमच्या गावात परवाना तपासायचा म्हणलं तर तपासणाऱ्याला पण रांगेत उभं ऱ्हावं लागंल.

गोदातीर (रात्री ११:३१)

हसण्यावारी नेऊ नका. तुळजापूरसारख्या देवीच्या ठिकाणी २०२५ मध्ये एमडी नावाच्या अंमली पदार्थाची प्रकरणं निघाली, तिथं आपल्या गल्लीचं काय घेऊन बसलात? माझं मत स्पष्ट आहे. मुलांना धाक पाहिजे. आमच्या घरात चार पिढ्या माळ आहे. वडिलांनी नुसतं चपलेकडे बघितलं तरी आमची सुपारी तोंडातून पडायची. आता "मुलांशी संवाद साधा" सुरू झालंय आणि निकाल समोर आहे.

मागचा_बाक (२८ जून, रात्री १२:१५)

मी बावीसचा आहे, म्हणजे तुमच्या मुलाच्या बाजूने बोलतो.

ते सडलेल्या जबड्याचे फोटो आम्हालाही दाखवले होते. मागच्या बाकावर पैज लागायची, पुढचा फोटो घशाचा का फुप्फुसाचा. ज्या मित्राने सगळ्यात मोठ्याने शपथ म्हटली, तो सुट्टीत पुडी फोडत होता. भीती त्या फोटोतल्या म्हाताऱ्याची वाटते. स्वतःची कुणाला वाटते?

आणि गेटवर कुणी काळा गॉगलवाला उभा असतो, चॉकलेटमधून नशा देतो, असं सांगतात ना, तसा मला आजवर एकही भेटला नाही. मला पहिल्यांदा बिअर दिली ती माझ्या सख्ख्या आत्तेभावाने. वरातीत, डीजेच्या मागे, कोल्ड्रिंकच्या बाटलीत घालून. मी दहावीत होतो. तिथं "व्यसनांना नाही म्हणा" हे वाक्य काय कामाचं? त्याला नाही म्हटलं तर पुढची पाच लग्नं तो मला "बाळ" म्हणून हाक मारणार. शाळेने शिकवायचंच तर तेवढं शिकवावं, की हसं न होता नाही कसं म्हणायचं. मला ते फार उशिरा सापडलं. "गाडी मला चालवायचीय" हे वाक्य आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतं. दुसरं, "गोळ्या चालू आहेत." कसल्या, ते कुणी विचारत नाही.

फळा_खडू (सकाळी ६:४०)

परभणी जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं काढली, आता निवृत्त. शाळांची बाजू मांडतो. वरून पत्र येतं, कार्यक्रम घ्या, फोटो पाठवा. फोटोत शपथ दिसते, समजूत दिसत नाही. म्हणून शपथ होते.

एका वर्षी मी वेगळं केलं. आठवीला मापनाचा धडा चालू होता. कायदा २००३ चा आहे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही आणि अठराच्या आतल्या मुलाला तर कुठंच विकता येत नाही. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर. मी पोरांना टेप दिला आणि म्हणालो, मोजा. पहिली टपरी चौतीस मीटरवर निघाली. दुसरी त्याच्याही अलीकडं. पोरांनी वहीत आकृती काढून, खाली सही करून मला आणून दिलं. असा उत्साह मी गणितात परत पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी मला बोलावून सांगण्यात आलं, "गुरुजी, पाठ्यपुस्तकात आहे तेवढंच घ्या."

दुसरा प्रयोग, नाव न लिहिता चिठ्ठ्या: घरातलं कोणतं व्यसन तुझ्या हातून दुकानातून येतं? निम्म्या वर्गाने काही ना काही लिहिलं. बाबांची पुडी, मामाची विडी, आजीच्या मिसरीची तंबाखू. एका पोरीने लिहिलं होतं, "उरलेल्या पैशाचं चॉकलेट मिळतं." अबोलीताई, तुमच्या शेंगदाण्यांवरून ती चिठ्ठी आठवली. रागावू नका.

अबोली_लातूर (सकाळी ७:१५)

रागावले नाही गुरुजी. पण चहा गार झाला.

आजचा_दिवस (सकाळी ९:२०)

गोदातीरकाका, तुमच्या माळेबद्दल आदर आहे. माझ्या वडिलांच्या गळ्यातही माळ होती आणि पायात चप्पलही. त्या धाकानं मी न पिणं शिकलो नाही, लपवून पिणं शिकलो. बडीशेप, पेरू, बसमध्ये मागची सीट, घरात शिरताना सरळ मोरीकडं. आज अकरा वर्षं झाली, मी दारू घेतलेली नाही. आमच्या दारू सोडलेल्यांच्या गटात असं सांगायची पद्धत आहे की आजचा दिवस घेतलेली नाही.

अकरावीला उदगीरकडून लातूरला आलो. क्लासच्या गल्लीत खोली, चौघं जण. सकाळी सहाला पहिली बॅच, रात्री अकरापर्यंत अभ्यासिका. पहिल्यांदा घेतली ती चाचणीत मार्क चांगले पडले म्हणून. नंतर कमी पडले म्हणून. डब्याचे पैसे त्यात जायला लागले. दोन वर्षांत घरून रोज फोन यायचा आणि एकच प्रश्न असायचा, किती पडले? मार्क बरे होते तोपर्यंत दुसरं कुणी काही विचारलं नाही. जेवलास का, झोप लागते का, खोलीवर कोण असतं. मी वडिलांना दोष देत नाही. त्यांना वाटायचं, पोरगं शिकतंय म्हणजे पोरगं ठीक आहे.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. एकच सांगतो, कारण ही चूक आमच्या भागात घरोघरी होते. आईने पेपरातली जाहिरात बघून "पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा" असली पावडर आणली आणि चहातून द्यायला लागली. मी बाहेरून पिऊन आलो आणि अर्ध्या तासात चेहरा लालबुंद, छातीत धडधड, ओकाऱ्या, बीपी खाली. दवाखान्यात दोन रात्री. डॉक्टरांनी आईला समजावून सांगितलं की असलं एक औषध खरंच असतं, पण ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून देतात. गुपचूप दिलं तर जिवावर बेततं. आई बिचारी रडत होती की मी पोराला वाचवायला गेले. आयांनो, कुणी कितीही गुण आला म्हणून सांगू द्या, चहात काही घालू नका.

गोदातीर (सकाळी ९:५८)

वाचलं. याच्यावर आत्ता लगेच काही लिहीत नाही.

काउंटरमागून (सकाळी ११:३०)

संभाजीनगरला माझं मेडिकल आहे. शाळेतले पाहुणे ज्याच्यावर बोलत नाहीत, त्याच्यावर बोलतो.

आमच्या शहरात "बटन" म्हणजे शर्टाचं बटन नव्हे. झोपेच्या आणि मन शांत करायच्या गोळ्या, नायट्राझेपाम, अल्प्राझोलाम. कुणी कुत्ता गोली पण म्हणतं. त्या जोडीला कोडीनचं खोकल्याचं औषध. यांना २०१४ पासून वेगळा नियम आहे. पाकिटावर लाल चौकट असते, चिठ्ठीशिवाय द्यायच्या नाहीत, रजिस्टरला पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. सगळे पाळतात असं म्हणालो तर माझ्यावर तुम्हीच हसाल.

पण बऱ्याच पोरांना दुकानात यायची गरजच पडत नाही. फ्रिजवरच्या डब्यात आजीची पट्टी असते. आजीला मोजता येत नाही, सूनबाई बघत नाही. तर घरच्यांनी एवढं करा: गोळ्या मोजून ठेवा, उरलेल्या ठेवू नका. या गोळ्या दारूबरोबर घेतल्या की श्वास मंदावतो. झोपेतच गेलेली पोरं मी ऐकून आहे.

आणि समजा कळलं की पोरगा महिनोन्‌महिने गोळ्या घेतोय, तर हिसकावून एका दिवसात बंद करू नका. फिट येऊ शकते. रोज खूप दारू पिणाऱ्याचंही तसंच. "खोलीत कोंडून आठ दिवसांत सोडवली" या गोष्टी पारावर ऐकायला बऱ्या.

ते व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्यूशन पण विसरू नका. २०१९ ला केंद्र सरकारचं मोठं सर्वेक्षण आलं होतं, त्यात हुंगायची नशा हा एकच प्रकार असा निघाला की ज्यात मोठ्यांपेक्षा मुलांचं प्रमाण जास्त. मुलं १.१७ टक्के, मोठे ०.५८. स्वस्त आणि स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं.

सीमेवरचा_देगलूरकर (दुपारी १२:१०)

गोळ्या, पावडर, सगळं केमिकल आहे हो. आमच्याकडं आजोबांच्या काळी शिंदी होती. निजामाच्या राज्यात झाडागणिक कर होता म्हणतात. सकाळी मडकं उतरवलं की गोड, दुपारी जरा तुरट, संध्याकाळी गाणं. निसर्गाचं देणं. कुणी मेल्याचं ऐकलं नाही.

काउंटरमागून (दुपारी १२:२२)

देगलूरकर, तुमच्या पलीकडच्या तेलंगणात त्या निसर्गाच्या देण्यात आता हेच अल्प्राझोलाम आणि क्लोरल हायड्रेट घालतात. झाडं कमी, गिऱ्हाईक जास्त. तिकडं पुरवठा बंद झाला की माणसं थरथरत, भ्रमिष्टासारखी दवाखान्यात येतात. ते शिंदी सुटल्याने नव्हे, त्यातली गोळी सुटल्याने.

सीमेवरचा_देगलूरकर (दुपारी १२:३०)

म्हणजे आजोबांबरोबर शिंदी पण वारली म्हणायची.

सोयाबीन_अडीच_क्विंटल (दुपारी १२:३३)

दहावा झाडाखाली ठेवा. येतो.

मूळची_बीडची (दुपारी २:०५)

विषयावर येऊ या का? आईसलँडचं वाचलंय का कुणी? १९९८ मध्ये तिथली पंधरा-सोळा वर्षांची ४२ टक्के मुलं मागच्या महिन्यात दारू पिऊन टुन्न झाल्याचं सांगत होती. २०१६ पर्यंत ते ५ टक्क्यांवर आलं. भाषणांनी नाही. मुलांना खेळ, संगीत यांचे वर्ग, त्यासाठी सरकारचे पैसे, रात्री उशिरा बाहेर फिरायला बंदी, आणि पालकांनी आपापसात केलेले लेखी करार. उलट अमेरिकेत १९८३ पासून पोलिसांनी शाळेत येऊन शिकवायचा एक मोठा कार्यक्रम चालला. पुढे अभ्यास झाले तेव्हा त्याने मुलांच्या व्यसनात फारसा फरक पडलेला दिसला नाही. आपण त्यातलं नेमकं दुसरं उचललं.

मागचा_बाक (दुपारी २:३१)

आईसलँडची अख्खी लोकसंख्या लातूर शहराएवढी आहे. आणि लातूरमधल्या क्लासवाल्या पोराला खेळायला वेळ कधी द्यायचा? सकाळी सहा ते रात्री अकरा वर लिहिलंच आहे. रविवारी चाचणी. मैदानाशेजारी क्लास झाला, मग मैदानाचं पार्किंग झालं.

मूळची_बीडची (दुपारी २:४०)

म्हणूनच तर म्हणतेय. अभ्यासिकेतून रात्री अकराला सुटलेल्या पोराला उघडं काय दिसतं? चहाची टपरी आणि बार.

कोयता_बंद (दुपारी ४:१८)

हे सगळं गच्ची असलेल्यांचं चाललंय. राग मानू नका.

मी धारूर तालुक्यातला. माझे आईबाप ऊसतोडीला जायचे, दसऱ्यानंतर गाडी भरायची ते उन्हाळा लागताना परत. मी सातवीपर्यंत दोन कारखाने आणि एक शाळा, असा शिकलो. पहाटे तीनला फडात थंडी असते. बाप तंबाखू मळताना चिमूट मलाही द्यायचा. भूक मरते, झोप मरते, हात चालतो. त्याला कुणी व्यसन म्हणलं नव्हतं, ते आमचं न्याहारीचं साधन होतं. मुकादमाकडून उचल घेतलेली, आठवड्याला खर्ची मिळाली की त्यातली निम्मी कोपीमागच्या गुत्त्यावर.

आता शाळेत पालकसभा कधी घेतात? डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा गावात पालक असतात का? हंगामी वसतिगृह असतं तिथं लेकरं राहतात, आजीआजोबा असतात. तुमचे पाहुणे येऊन पडदा लावतील, पण तो कुणाला दाखवतील? बोलायचंच असंल तर फडावर या, रात्री आठला. नायतर दसऱ्याच्या आधी गावात या, गाडी भरायच्या आत.

फळा_खडू (सायंकाळी ५:०२)

कोयता_बंद, बरोबर बोललात. माझ्या पटावरचं जे पोरगं नोव्हेंबरात गैरहजर लागायचं, त्याची चिठ्ठी माझ्या डब्यात कधी पडलीच नाही.

मनाची_ओपीडी (सायंकाळी ७:४५)

नांदेडला मानसोपचार विभागात काम करते. अबोली, तुझ्या प्रश्नाला हात घालते, नाहीतर धागा गोदावरी ओलांडून जाईल.

"तू घेतोस का?" हा प्रश्न विचारू नकोस. त्याचं उत्तर नेहमी "नाही" असतं. त्याऐवजी "तुमच्या वर्गात काय काय चालतं रे?" असं विचार. दुसऱ्यांबद्दल पोरं भरभरून सांगतात आणि त्यात स्वतःचाही पत्ता देऊन जातात. हे ताटावर, समोरासमोर बसवून नको. गाडीवर मागे बसवून शेताकडे जाताना, भुईमुगाच्या शेंगा फोडताना, असं. डोळ्याला डोळा लागत नाही तिथे जीभ सैल सुटते.

खोटं किंवा वाढवून सांगू नकोस. "एकदा घेतली की माणूस संपला" म्हणशील, तर त्याच्या वर्गात एकदा घेतलेले आणि न संपलेले तीन जण त्याला माहीत असतात. मग तुझं खरंही खोटं ठरतं. खरं हे आहे की मेंदूचा लगाम लावणारा भाग पंचविशीपर्यंत पक्का होत असतो, आणि जितक्या लहान वयात सुरुवात, तितकी पुढे सवय जडायची शक्यता जास्त. चौदाव्या वर्षीचा एक पेला आणि तिशीतला एक पेला सारखा नसतो.

नवऱ्याचं म्हणशील, तर त्यांना दारू सोडायला सांगून सुरुवात करू नकोस. भांडण होईल आणि मुलाचा विषय बाजूला पडेल. आधी पोराच्या हातातलं ताट काढून घे. आपल्याकडे लहान मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बर्फ नेऊन देणं त्यात बसत नाही, पण दोन वर्षं दर शनिवारी पोरगं जे बघतंय त्याची शिकवणी कोणत्याही पाहुण्यापेक्षा पक्की आहे.

आणि एक, सगळ्यांसाठी. कुणी पोरगं पिऊन बेशुद्ध पडलं तर "झोपू दे, उतरेल" म्हणू नका. लिंबूपाणी, ताक घशात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, श्वास हळू वाटला की सरळ दवाखाना. त्याच्या मित्रांना पण हे सांगून ठेवा, कारण तेव्हा तिथे तेच असतात, आणि मार बसेल म्हणून पळून जातात. तुमच्या मुलाला एवढं माहीत असू द्या की अशा रात्री फोन केला तर आधी न्यायला याल, बोलणी दुसऱ्या दिवशी.

व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६, मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६. कायद्याच्या भीतीने लपवू नका. अंमली पदार्थांच्या कायद्यातही उपचाराला स्वतःहून पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षणाची तरतूद आहे.

आजचा_दिवस (रात्री ८:१०)

यात एक भर घालतो. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन म्हणून गट असतात, आणि त्यांच्या किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन. आम्ही सुधारलो तरी घरातली पोरं पावलांचा आवाज ऐकून बाप कसा आलाय ते ओळखायची सवय सोडत नाहीत. माझी लेक नऊ वर्षांची आहे, तिने मला प्यालेलं कधी पाहिलेलं नाही. तरी मी उशिरा आलो की तिची आई अजून दारातच माझा वास घेते.

निळा_शेला (रात्री ८:४०)

आमच्या हिंगोलीकडच्या गावात बायकांनी मतदान घेऊन बाटली आडवी केली. दुकान गेलं. सहा महिन्यांत किराणा दुकानाच्या मागच्या दाराने चपट्या सुरू, आणि त्या आणून द्यायला बारा-तेरा वर्षांची पोरं, कारण पोरांवर कुणी संशय घेत नाही. एका चपटीमागे दहा रुपये. बाटली आडवी करणं सोपं होतं असं नाही, रात्र रात्र जागलो होतो त्यासाठी. पण पोरं हमाल होतील हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

अक्कलदाढ (रात्री ९:२५)

दंतवैद्य आहे, उशिरा आलो. सगळे दारू आणि गोळ्यांवर बोलताहेत आणि ताईंची वेलचीची पुडी तशीच पडलीय.

गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे. आता टपरीवर दोन वेगळ्या पुड्या मिळतात, पोरं त्या तळहातावर एकत्र करतात, झाला गुटखा. आणि तंबाखू नसली तरी नुसती सुपारी निरुपद्रवी नाही. ती कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे तिने कर्करोग होतो हे सिद्ध झालंय. सुपारीने गालाची आतली कातडी ताठ, पांढरट होत जाते, तिखट झोंबायला लागतं आणि तोंड उघडायचं कमी होतं. सतरा-अठरा वर्षांची पोरं माझ्याकडे येतात, पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही म्हणून. गेलेलं तोंड पूर्ण परत उघडत नाही, सुपारी बंद केली तर तिथल्या तिथे थांबवता येतं.

घरी करून बघा. स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून पुढच्या वरच्या आणि खालच्या दातांच्या मध्ये घाला. तीन बोटं आरामात जायला हवीत. नाही गेली तर दाखवायला या. भाषण देणार नाही, खुर्चीत तोंड उघडं असताना पेशंटला उत्तर देता येत नाही म्हणून मी तसंही फार बोलत नाही.

मागचा_बाक (रात्री ९:३०)

अख्खं वसतिगृह आत्ता तोंडात बोटं घालून बसलंय.

गोदातीर (२९ जून, सकाळी ८:००)

आजचा_दिवस यांना. काल दिवसभर तुमचंच डोक्यात होतं. माझा धाकटा भाऊ बावन्नाव्या वर्षी लिव्हरने गेला. त्यालाही माळ होती. घरात आम्ही सगळ्यांना कावीळ झाली असंच सांगत आलो. इथेही पहिल्या प्रतिसादात मी तो लपवलाच.

आजचा_दिवस (सकाळी ८:१२)

काका, नंबर कळवा. संध्याकाळी फोन करतो.

अबोली_लातूर (८ जुलै, रात्री १०:२०)

धागा काढून पळाले नाही, घरात गडबड होती.

मनाची_ओपीडी यांच्या सांगण्याप्रमाणे पोराला गाडीवर मागे घेऊन औशाच्या रस्त्याला शेताकडे गेले. जाताना गप्प. येताना नळेगल्लीच्या वळणापर्यंत वर्गातल्या सहा जणांची पूर्ण माहिती मिळाली, कोण पुडी, कोण व्हेप, कोण मामाच्या बारमध्ये बसतो. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशात बंदी आहे हे मला माहीत नव्हतं, त्याला माहीत होतं, आणि ती कुठे मिळते हेही. शेवटी आपणहून म्हणाला, "ती पुडी माझीच होती. दोनदा खाल्ली. चव आवडली." मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर काय बोलावं ते सुचलं नाही, पण बाहेरून ते समजूतदार दिसलं असावं.

शनिवारी बर्फ मी नेला. मित्रांनी विचारलं, "आज पोरगं कुठंय?" हे म्हणाले, "अभ्यास करतोय." तो खाली टीव्ही बघत होता. पुढच्या शनिवारी बैठक आमच्याकडे झाली नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी गच्चीवर गेली. याला यश म्हणायचं का, मला कळत नाही. त्या घरातही एक पोरगं आहे.

खरी गोष्ट वेगळीच झाली. अक्कलदाढ यांचा प्रतिसाद मी पोराला वाचून दाखवला. त्याने लगेच सगळ्यांची परीक्षा लावली. त्याची तीन बोटं गेली. माझी गेली. सासूबाईंना दात नाहीत, त्यांनी चार घालून दाखवली आणि टाळ्या घेतल्या. मग पोरगा म्हणाला, "बाबा, तुम्ही." हे दुकानातून आले होते, दिवसभर सुपारी चालू असते, दारूच्या नादात तिचा विचार मी कधी केलाच नव्हता. हसत हसत तोंड उघडलं. दोन बोटं गेली. तिसरं जाईना. पोराने आपल्या हाताने परत करून बघितलं, जाईना.

खोलीत कुणी हसत नव्हतं. पोरानेच डेंटल कॉलेजचा नंबर शोधून काढला. सोमवारी जायचंय. सुपारीचा डबा त्याने उचलून कुठेतरी ठेवलाय, हे रोज शोधतात पण विचारत नाहीत.

अक्कलदाढ (रात्री १०:४१)

सोमवारची वाट बघू नका, उद्या दाखवा. आणि सुपारीबरोबर चुना-कात असं जे असेल ते सगळं बंद. तोंडात कुठे पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम आहे का, ते टॉर्च लावून आजच बघा.

अबोली_लातूर (रात्री १०:५५)

बघितलं. डाव्या गालात आत पांढरट आहे. उद्याच जातो.

काउंटरमागून (रात्री ११:०२)

जाताना ते जी सुपारी खातात तिची पुडी बरोबर न्या. त्यात काय काय आहे ते डॉक्टरांना कळू द्या.

सोयाबीन_अडीच_क्विंटल (रात्री ११:१०)

ताई, मी पण आत्ता आरशासमोर करून बघितलं. तीन गेली, पण लेकराची बोटं घेतली होती. माझी घेऊन बघतो.

सोयाबीन_अडीच_क्विंटल (रात्री ११:१६)

अक्कलदाढ, तुमचा दवाखाना कुठं आहे?